नेरूळचे फिल्टरवाले काका: मशीन नंतर, आधी तुमचं पाणी बघतात

नेरूळ पश्चिमेला सिडकोच्या जुन्या बिल्डिंगखाली दुकानांची जी ओळ आहे त्यात वॉटर फिल्टरचं एक छोटंसं दुकान आहे, पाटी आहे पण आजूबाजूला कुणालाही "फिल्टरवाले काका" म्हणून विचारलं की लगेच बोट दाखवतात. विक्री, सर्व्हिसिंग आणि पाणी तपासणी तिन्ही करतात. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा का कापला ते पुढे येईलच. नुसत्या मशीनबद्दल लिहायचं तर चार ओळी पुरल्या असत्या, पण या माणसाने आमच्या अख्ख्या बिल्डिंगला पाण्याचं विज्ञान ज्या पद्धतीने समजावलं ते मला सविस्तर लिहायचंय, कारण अशी सर्व्हिस मला दुसऱ्या कुठल्या दुकानात मिळालेली नाही.

आधी थोडं मागचं सांगते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला जीबीएसची (गिया-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) साथ आली, काही पेशंटच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला, पाण्यावर संशय गेला, आणि इकडे नेरूळमध्ये आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर घबराट सुरू झाली. रोज नवीन फॉरवर्ड. त्या साथीत पुण्यात खाजगी आरओ (बारीक पडद्यातून दाबाने पाणी गाळायची पद्धत) प्लांटवरही महापालिकेने कारवाई केली होती, म्हणजे नुसतं आरओ लिहिलंय म्हणून पाणी सुरक्षित ठरत नाही, पण हा भाग ग्रुपवर कुणी टाकला नाही. भीती होतीच, त्यात एका कंपनीचा माणूस सोसायटीच्या ऑफिसात फ्री डेमो द्यायला आला. कंपनीचं नाव घेत नाही, असे डेमो बऱ्याच ठिकाणी होतात.

डेमो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. दोन ग्लास, एकात नळाचं पाणी, एकात त्यांच्या मशीनचं. वरून चार सळ्यांचं एक डबडं दोन्ही ग्लासात बुडवतात, प्लग लावतात, आणि मिनिटभरात नळाच्या पाण्यात हिरवट-तपकिरी गाळ तरंगायला लागतो, मशीनचं पाणी मात्र तसंच स्वच्छ. मग तो माणूस म्हणतो, "बघा मॅडम, हे तुम्ही रोज मुलांना पाजता." बायकांचे चेहरे उतरले होते, एकीचं बाळ आठ महिन्यांचं, ती तर रडायलाच आली. तिथल्या तिथे काही जणांनी बुकिंग केलं.

मी नववी-दहावीचे विज्ञानाचे क्लास घेते. हे विद्युत अपघटन आहे, म्हणजे पाण्यातून वीज सोडल्यावर होणारी रासायनिक क्रिया, प्रत्येक ग्लासातल्या सळ्यांमधली एक लोखंडाची आहे आणि तो गाळ त्या लोखंडाचा आहे, हे मला बघताक्षणी कळलं. मी ग्रुपवर तसं व्यवस्थित लिहिलंही. कुणी ऐकलं नाही. एकीने उत्तर दिलं, "पण आम्ही डोळ्यांनी पाहिलं ना." आणि तिचं बरोबरच आहे, त्या माणसाने डोळ्यांना दाखवलं होतं आणि मी फक्त चार ओळी टाईप केल्या होत्या. माहिती खरी असली की लोक मानतात असं आपण धरून चालतो, पण ज्याच्या घरात लहान बाळ आहे त्याला खरी माहिती कोण देतंय, त्यात त्याचा फायदा काय, आणि आपल्याला ती तपासून बघता येते का, हे सगळं हवं असतं. हे मला त्या आठवड्यात फार जवळून दिसलं आणि त्याच विचारात मी काकांच्या दुकानात गेले, म्हटलं मशीन घ्यायचंच आहे तर निदान नीट विचारून घेऊ.

दुकान एवढंसं आहे, काउंटरच्या पुढे दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला फुटपाथवर थांबावं लागतं. भिंतीवर हाताने लिहिलेला रेटबोर्ड, कँडल, कार्बन, मेम्ब्रेन (आरओचा गाळणारा पडदा), युव्हीचा म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, होम व्हिजिट, सगळ्याचे भाव समोर. काउंटरवर जुनी काढलेली मेम्ब्रेन उभी चिरून ठेवलीत, आतले थर दिसतील अशी. आणि एक टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजायचा मीटर, त्याच्यावर पांढरी पट्टी चिकटवून पेनने लिहिलंय, "याने जंतू कळत नाहीत." पाणी तपासायचं यंत्र ठेवायचं आणि त्यावरच ते काय सांगू शकत नाही ते लिहून ठेवायचं, मला तिथेच बरं वाटलं.

मी म्हटलं, "काका, आरओ बघायचाय." त्यांनी मशीन दाखवलंच नाही. पहिला प्रश्न, "ताई, पाणी कुठलं येतं तुमच्याकडे?" मी म्हटलं नळाचं. "नळाचं ते झालंच हो, पण कुठलं? मोरब्याचं की टँकर मागवता?" मग त्यांनी सांगितलं की नवी मुंबई म्हटलं तरी सगळीकडे एकच पाणी नाही, नेरूळ-बेलापूरकडे महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण, खालापूर तालुक्यात धावरी नदीवरचं, त्याचं पाणी भोकरपाड्याला शुद्ध होऊन येतं, ऐरोली-दिघ्याच्या काही भागात एमआयडीसीचं बारवीचं पाणी असतं, उलव्याला सिडकोचं हेटवण्याचं, आणि जिथे पुरवठा कमी तिथे टँकर, त्या टँकरचं पाणी कुठल्या बोअरचं ते देवालाच ठाऊक. पाण्याचा पत्ता माहीत नसताना मशीन सांगणं म्हणजे पेशंटला न बघता औषध देणं, असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणतात हे मी नंतरही ऐकलं.

मी बाटलीत घरचं पाणी नेलं होतं. मीटर ६८ दाखवत होता. काका म्हणाले की भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, तुमचं त्याच्या जवळपाससुद्धा नाही, आरओचं मुख्य काम विरघळलेले क्षार काढणं, तुमच्या पाण्यात काढायला आहे काय? वर अनेक घरगुती मशीन एक लिटर पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी सिंकमध्ये सोडून देतात, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम पण काढून टाकतात. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं की जिथे टीडीएस ५०० पेक्षा कमी आहे तिथे आरओवर बंदी घाला, हे पण मला त्यांच्याकडूनच कळलं. समोर आरओ मशीन रांगेने लावलेली आहेत, त्यातलं सगळ्यात महाग मी घ्यायला तयार होते, आणि हा माणूस मला सांगतोय की तुम्हाला ते नकोय.

मग मी तो डेमो सांगितला. ते हसले नाहीत, "फसवतात हो लोकांना" असंही काही बोलले नाहीत, काउंटरखालून तेच चार सळ्यांचं डबडं काढलं. मुद्दाम विकत घेऊन ठेवलंय त्यांनी. दोन ग्लास घेतले, दोन्हीत त्यांच्या डिस्प्लेच्या आरओ मशीनचं पाणी, दोन्ही सारखेच स्वच्छ. एकात चिमूटभर साधं मीठ, घरात असतं तेच, मला स्वतःला टाकायला लावलं आणि चमच्याने ढवळायला लावलं. मग सळ्या बुडवून स्विच ऑन. बिनमिठाच्या ग्लासात काही नाही. मिठाच्या ग्लासात आधी सळईभोवती बारीक बुडबुडे, मग हिरवट धागे खाली उतरायला लागले, बघता बघता वर तपकिरी फेस जमला, डेमोत पाहिला होता तसाच, थोडा जास्तच घाण. त्यांनी स्विच बंद केला, सळ्या वर काढल्या आणि लोखंडाची सळई माझ्या हातात दिली. टोकाकडे झिजून बारीक झालेली, खरखरीत. "गाळ इथून आला, ताई. पाण्यातून नाही आला. क्षार असले की वीज वाहते, वीज वाहिली की लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज होतो. शहाळ्याचं पाणी ओता, त्यातही हेच होईल." (एक सूचना, हे घरी मुलांच्या हातात देऊ नका, ते थेट मेन लाईनवर चालतं, काका स्विच स्वतःच्याच हातात ठेवतात.)

मी वर्गात हे सगळं फळ्यावर इतक्या वेळा लिहिलंय, समीकरणासकट. पण मीठ माझ्या हाताने टाकून घेणं आणि सळई माझ्या हातात देणं, यातली ताकद वेगळीच. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचे चमत्कारांचे प्रयोग लहानपणी शाळेत पाहिलेले मला तिथे आठवले, मंत्राने अग्नी पेटवून दाखवायचे आणि मग सांगायचे की पोटॅशियम परमँगनेट आणि ग्लिसरीन आहे, मग आमच्यातल्याच कुणाला तरी पुढे बोलवून तेच करायला लावायचे. काकांची पद्धत नेमकी तीच, आधी तोच खेळ करून दाखवायचा, मग तो उघडायचा, आणि समोरच्याला कुठेही मूर्ख ठरवायचं नाही.

टीडीएसचं त्यांनी आणखी एक सांगितलं ते मी आता वर्गात सांगते. मीटर पाण्यातून वीज किती सहज जाते तेवढंच मोजतो आणि त्यावरून आकडा काढतो. पिशवीचं वजन केलं म्हणून आत तांदूळ आहेत का खडे ते कळतं का? तसंच. शिशाची मर्यादा मानकात लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. त्याच्या दहापट शिसं पाण्यात असलं तरी टीडीएसमध्ये फरक पडणार ०.१ चा, मीटरवर आकडा हलणारसुद्धा नाही. म्हणजे कमी टीडीएस बघून खूश व्हायचं नाही आणि थोडा जास्त बघून घाबरायचं नाही. माझं ६८ बघून मी निर्धास्त होऊन निघाले असते, त्यांनीच थांबवलं, म्हणाले क्षारांचा प्रश्न मिटला, जंतूंचं अजून आपल्याला काहीच माहीत नाही.

मग होम व्हिजिट. तीनशे रुपये, मशीन घ्या नाहीतर घेऊ नका. त्यांच्याकडे काम करणारी मुलगी आली, पंचविशीची असेल, कामात एकदम काटेकोर. तिने आधी सोसायटीच्या मीटरजवळ, जिथे महापालिकेची लाईन आत येते तिथलं पाणी घेतलं आणि मग आमच्या किचनच्या नळाचं. नळाची जाळी काढली, तोंड पुसून घेतलं, दोन-तीन मिनिटं पाणी सोडून दिलं, मग भरलं. दोन्हीची ओटी टेस्ट केली. गावाकडे ग्रामपंचायतीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्यावर जी करतात तीच, नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे, पिवळं झालं म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. महापालिकेच्या लाईनचं पाणी पिवळं झालं. आमच्या किचनचं झालंच नाही. म्हणजे क्लोरीन बिल्डिंगच्या गेटपर्यंत येत होता आणि आमच्या टाक्यांमध्ये कुठेतरी संपत होता.

त्यानंतर तिने दोन छोट्या बाटल्या काढल्या, आत औषधाची पट्टी असलेल्या, एचटूएस बाटली म्हणतात. खुणेपर्यंत पाणी भरायचं, उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवायचं, काळं झालं तर विष्ठेतल्या जंतूंचा संशय. ही टेस्ट आपल्याकडचीच आहे, ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये मांडलेली, खेड्यापाड्यात लॅब नसताना वापरता यावी म्हणून, आणि पुढे ती बाहेरच्या देशांतही वापरली गेली. मला हे माहीत नव्हतं आणि खूप अभिमान वाटला. पण त्या मुलीने लगेच हेही सांगितलं की ही टेस्ट फक्त इशारा देते, कधीकधी दुसऱ्या जिवाणूंमुळेही बाटली काळी होते, आणि काळी झाली नाही म्हणून व्हायरस नाहीत असं सिद्ध होत नाही. हे मी न विचारता तिने सांगितलं.

बाटल्या ती माझ्या घरात ठेवणार होती. काकांना फोन केला तर ते म्हणाले, "घरात नको, वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवा, चिठ्ठ्या लावून, येताजाता सगळ्यांना बघू द्या." तसं केलं. एकीवर "गेटची लाईन", दुसरीवर "किचनचा नळ". ग्रुपवर मी फक्त एवढंच लिहिलं की बाटल्या केबिनमध्ये आहेत, उद्या बघा. आणि लोक बघायला लागले हो! मुलं शाळेतून येताना बघून जायची, भाजी घेऊन येणाऱ्या बायका थांबायच्या. गेटची बाटली तशीच राहिली. किचनची दुसऱ्या दिवशी आधी तळाशी करडी आणि मग शाईसारखी काळी झाली. ज्या बाईने मला "डोळ्यांनी पाहिलं" असं लिहिलं होतं तिनेच दोन्ही बाटल्यांचा फोटो काढून ग्रुपवर टाकला.

कमिटीच्या मीटिंगला काकांना बोलावलं. तिसऱ्या मजल्यावरचे रिटायर्ड काका (हे वेगळे, आमच्या बिल्डिंगचे) फार कडक, ते उठून सरळ म्हणाले, "तुम्हाला मशीन विकायचंय म्हणून तुम्ही बाटली काळी केली नाही कशावरून?" सगळे एकदम गप्प. मला वाटलं आता हे चिडणार. पण फिल्टरवाले काका म्हणाले, "शंका बरोबर आहे साहेब. माझ्यावर विश्वास ठेवू नका. एनएबीएल, म्हणजे लॅब तपासून मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ, त्याच्या मान्यतेची लॅब तुम्ही शोधा, सॅम्पल तुमच्या माणसाने घ्यायचं, रिपोर्ट तुमच्या ईमेलवर येईल, मी मध्ये नाही. फक्त बाटली लॅबकडूनच घ्या, निर्जंतुक असते आणि त्यात क्लोरीन मारायचं औषध असतं, नाहीतर वाटेतच क्लोरीन जंतू मारतो आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा." रिटायर्ड काकांनी हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि सॅम्पल न्यायला तेच गेले. रिपोर्टमध्ये किचनच्या सॅम्पलमध्ये कोलिफॉर्म (पाणी दूषित असल्याची खूण मानले जाणारे जिवाणू) सापडले, विष्ठेतून येणारा ई कोलायसुद्धा, आणि मानक असं आहे की १०० मिलिलिटर पाण्यात ई कोलाय अजिबात दिसता कामा नये. गेटचं सॅम्पल स्वच्छ.

मला ही मीटिंग फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे विज्ञानाबद्दल बोलणाऱ्यावर शंका घेतली की तो दुखावतो, "तुम्हाला काय कळतं" या सुरावर येतो, आणि तिथेच समोरचा माणूस कायमचा तुटतो. पावसाळ्यात जागोजागी "पाणी उकळून व गाळून प्यावे" असे बोर्ड लागतात, पण किती वेळ उकळायचं, कशासाठी, त्याने काय जातं आणि काय जात नाही, हे कुठेच लिहिलेलं नसतं. काकांच्या दुकानातल्या कागदावर ते सरळ मराठीत आहे, पाण्याला खळखळून उकळी आली की पोटाचे जंतू मरतात, अर्धा तास गॅस जाळायची गरज नाही, पण उकळल्याने क्षार आणि धातू जात नाहीत, आणि उकळलेलं पाणी उघडं ठेवलं तर हात-पेल्यातून जंतू परत जातात. एवढ्या चार ओळी जर प्रत्येक बोर्डावर असत्या तर किती बरं झालं असतं. लोकांना कमी कळतं असं धरून आपण त्यांना फक्त हुकूम देतो, कारण देत नाही, आणि मग जो कुणी येऊन कारणासारखं काहीतरी देतो, ते खोटं का असेना, लोक त्याच्या मागे जातात.

रिपोर्ट आल्यावर टाक्या उघडल्या. गच्चीवरच्या टाकीचं झाकण एका बाजूने तुटलेलं, आत कबुतरांची पिसं. खालच्या टाकीला बाजूच्या चेंबरचं पाणी झिरपत होतं. म्हणजे धरण ठीक, शुद्धीकरण ठीक, लाईन ठीक, बिघाड आमच्या कंपाउंडच्या आत. दोन्ही टाक्या धुवून क्लोरीन करून घेतल्या, झाकण बदललं, चेंबर दुरुस्त केला, आणि काकांनीच आग्रह धरला की परत टेस्ट करा, नाहीतर साफ झालं हे कशावरून म्हणायचं. या वेळी किचनच्या नळाची ओटी टेस्ट पिवळी आली आणि बाटली काळी झाली नाही. खर्च फ्लॅटमागे जेवढा आला तो त्या डेमोवाल्या मशीनच्या किमतीपुढे काहीच नाही, आणि फायदा ज्यांना मशीन परवडत नाही त्या घरांनाही झाला, वॉचमनच्या केबिनमधल्या नळालाही झाला.

यात काकांची विक्री किती झाली म्हणाल तर आमच्यासकट थोड्याच घरांनी मशीन घेतलं. मी युव्ही-युएफ घेतलं, साडेआठ हजार, फिटिंग धरून. युएफच्या, म्हणजे अतिबारीक गाळणीच्या, जाळीत जिवाणू अडकतात आणि युव्हीचा दिवा उरलेल्यांना निकामी करतो, क्षार आहेत तसे राहतात आणि पाणी वाया जात नाही. चव नळाच्या पाण्यासारखीच, क्लोरीनचा वास मात्र जातो. वास जातो तो कार्बनमुळे, आणि इथे काकांनी एक इशारा दिला, क्लोरीन गेला म्हणजे पाण्याचं राखणदार गेलं, तेव्हा मशीनमधून भरलेलं पाणी दोन-दोन दिवस साठवू नका आणि भांडं रोज घासा. युव्हीच्या दिव्याबद्दलही, तो निळा दिसतो म्हणजे काम करतोय असं नाही, वर्षभरात त्याची ताकद उतरते, डोळ्याला कळत नाही, म्हणून बिलावर तारीख घालून देतात. पाणी गढूळ असेल तर युव्ही नीट चालत नाही, कणांच्या आड जंतू लपतात, हे पण बिलाच्या मागे छापलंय.

आणि ते आरओच्या विरोधात आहेत असं मुळीच नाही. मी दुकानात असताना उलव्याचं एक जोडपं आलं होतं, सोसायटीत टँकर येतो, मीटर अकराशेच्या पुढे गेला. त्यांना काकांनी आरओच सांगितला, शिवाय टँकर कुठून भरतो ते विचारून लॅबला पाठवा म्हणाले. यवतमाळ-चंद्रपूरकडे काही गावांत पाण्यात फ्लोराईड आहे, तिकडच्या नातेवाईकांसाठी विचारायला आलेल्या माणसाला त्यांनी युव्हीने फ्लोराईड जात नाही असं स्पष्ट सांगून परत पाठवलं. ज्याला जे लागतं ते. अल्कलाइन पाण्याचं मशीन मात्र त्यांनी ठेवलेलंच नाही. पोटातलं आम्ल इतकं तीव्र असतं की त्या पाण्याचा अल्कलीपणा तिथे टिकत नाही, त्याचे जादा पैसे मी कशाचे घेऊ, असं म्हणतात.

माझ्या सासूबाई तांब्याच्या कळशीतलं पाणी पितात. मशीन आल्यावर त्यांना वाटलं आता सून कळशी माळ्यावर टाकणार. फिटिंगच्या दिवशी त्यांनीच काकांना विचारलं, "काय हो, तांब्याचं खोटं का?" काका म्हणाले, "आजी, खोटं नाही. तांब्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले पोटाचे जंतू मरतात हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. पण चार-पाच तासांत तेवढं होत नाही, कळशी आतून घासलेली हवी, आणि त्यात ताक-लिंबू ठेवायचं नाही. मशीनचं पाणी कळशीत भरा, दोन्ही असू दे." सासूबाई इतक्या खूश झाल्या की त्यांना जेवायला थांबा म्हणत होत्या. हा माणूस आपल्या जुन्या गोष्टीला उगाच डोक्यावर घेत नाही आणि पायदळीही तुडवत नाही, जेवढं सिद्ध आहे तेवढंच म्हणतो. घरातल्या मोठ्या माणसांशी विज्ञान बोलायचं तर असं.

आता अर्धा मार्क का कापला. दुपारी दुकान बंद असतं, दीड ते पाच, आणि फोन उचलत नाहीत. होम व्हिजिटला नंबर लागतो, पावसाळा जवळ आला की आठवडा सहज जातो, ज्यांच्या घरात कुणी आजारी आहे त्यांच्यासाठी वेगळी सोय हवी. ठराविक तीन-चार कंपन्यांचेच पार्ट ठेवतात, दुसरं मशीन असेल तर ऑर्डर करून मागवावं लागतं. कार्बनची कँडल ऑनलाइन थोडी स्वस्त मिळते, मी तरी त्यांच्याकडूनच घेते. आणि माहितीचा तो कागद झेरॉक्सची झेरॉक्स झालेला आहे, अक्षर पुसट, वयस्क माणसांना वाचता येत नाही. मी त्यांना मोठ्या अक्षरात टाईप करून देते म्हटलंय आणि हिंदी पण करून देणार आहे, कारण आमच्या भागात घरकाम करणाऱ्या बऱ्याच बायका हिंदी वाचतात आणि पाणी भरायचं काम त्याच करतात.

सोमवारी बंद. यूपीआय चालतं, कार्ड नाही. टू-व्हीलर लावायला जागा आहे, गाडी असेल तर मागच्या रोडला लावून चालत या. टीडीएस आणि क्लोरीन काउंटरवर फुकट बघून देतात, एचटूएस बाटलीचे पैसे घेतात पण किरकोळ. जाताना दोन वेगळ्या स्वच्छ बाटल्यांत पाणी न्या, एकीत सोसायटीच्या मुख्य लाईनचं आणि एकीत स्वतःच्या किचनचं, दोन्हीवर चिठ्ठी लावा, आणि सकाळी पाणी आल्यावर भरून लगेच निघा, कारण क्लोरीन बाटलीतही हळूहळू कमी होतो, संध्याकाळी नेलंत तर ओटी टेस्टचा काही उपयोग होणार नाही.